कार्नोसॉरमधला तो प्राणी व्हेलोसिरॅप्टर नाही, डायनोनायकस आहे

परवा रात्री भाच्याला घेऊन कार्नोसॉर नावाचा पिक्चर बघायला बसले, १९९३ चा, रॉजर कॉर्मनने काढलेला. एक डॉक्टर कोंबडीच्या अंड्यांवर जनुकांचे प्रयोग करते आणि त्यातून डायनासोर निघतात अशी गोष्ट. बजेट साधारण दहा लाख डॉलरच्या आतबाहेर, कॉम्प्युटरवर काहीच नाही, सगळं रबर, बाहुल्या आणि सूट घातलेला माणूस. तो प्राणी पहिल्यांदा नीट दिसला तसा भाचा ओरडला, "मावशी, रॅप्टर!"

मी लगेच पिक्चर पॉज केला, कारण ही गल्लत मला खरंच सहन होत नाही. रॅप्टर म्हणजे त्या अख्ख्या कुळालाच बोलीत म्हणतात, तेवढं ठीक आहे, पण त्याच्या डोक्यात होता ज्युरासिक पार्कमधला व्हेलोसिरॅप्टर आणि समोर होता डायनोनायकस. दोघं एका कुळातले आहेत, दोघांच्या पायाच्या दुसऱ्या बोटाला कोयत्यासारखं वाकडं नख आहे, त्यामुळे चूक होते हे मान्य. पण प्राणी वेगळे आहेत.

व्हेलोसिरॅप्टर सापडला १९२३ मध्ये मंगोलियात, गोबीच्या वाळवंटात, आणि १९२४ मध्ये ऑसबॉर्नने त्याला नाव दिलं, अर्थ चपळ लुटारू. डायनोनायकस मिळाला अमेरिकेत मोंटानामध्ये १९६४ ला, जॉन ऑस्ट्रम ह्या शास्त्रज्ञाला, त्याने १९६९ मध्ये नाव ठेवलं, अर्थ भयंकर नख. मधे आख्खं जग आणि काळ तर विचारूच नका, डायनोनायकस साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचा आणि व्हेलोसिरॅप्टर साडेसात कोटींच्या आसपासचा, म्हणजे दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं.

आकाराचं नुसतं सांगून त्याला पटेना, मग खडू आणला. आमच्या हॉलच्या फरशा दोन बाय दोन फुटांच्या आहेत. व्हेलोसिरॅप्टर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम दोन मीटर, सव्वातीन फरशांत संपला, आणि त्यातही बरीचशी शेपूटच, वजन म्हणाल तर पंधरा-वीस किलो, गल्लीतल्या कुत्र्याएवढं. डायनोनायकस ३.४ मीटरपर्यंत जातो, साडेपाच फरशा, वजन मोठ्या माणसाएवढं, त्याची शेपूट काढायला सोफा सरकवावा लागला. भाचा दोन्ही रेषांच्या मधे आडवा झोपून बघत होता, मग म्हणाला, "पण पिक्चरमधला तर बाबांएवढा उंच आहे!" बरोबर आहे त्याचं. ज्युरासिक पार्कमधले रॅप्टर डायनोनायकसपेक्षाही मोठे करून दाखवलेत आणि नाव मात्र त्या पंधरा किलोवाल्याचं.

मग हे नाव आलं कुठून? ग्रेगरी पॉल ह्या डायनासोर-अभ्यासकाने १९८८ च्या पुस्तकात डायनोनायकसला व्हेलोसिरॅप्टरमध्येच जमा केलं होतं, ते वर्गीकरण बाकीच्या शास्त्रज्ञांनी काही उचललं नाही, पण ज्या कादंबरीवरून ज्युरासिक पार्क निघाला त्या मायकेल क्रायटनच्या १९९० च्या कादंबरीत तेच आलं. शिवाय हे नाव जास्त नाट्यमय वाटतं असं क्रायटननेच आपल्याला सांगितल्याचं ऑस्ट्रमने पुढे सांगितलं. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं हो. डायनासोर म्हणजे सुस्त अवाढव्य सरडे हा समज मोडून काढण्यात आणि पक्षी डायनासोरांपासूनच आले हा विचार परत उभा करण्यात ऑस्ट्रमच्या ह्या प्राण्याचा फार मोठा वाटा आहे, आणि पोरांना त्याचं नाव माहीत नाही.

म्हणून कार्नोसॉरबद्दल मला मनापासून आदर आहे. मे १९९३ मध्ये, ज्युरासिक पार्कच्या जेमतेम महिनाभर आधी तो लागला, समोरच्याचं बजेट सहा कोटी डॉलरच्या वर, आणि तरी ह्या छोट्या पिक्चरने डायनोनायकस घेतला तो डायनोनायकस म्हणूनच. (कार्नोसॉरमधली ती डॉक्टर म्हणजे डायान लॅड आणि ज्युरासिक पार्कमध्ये तिची सख्खी मुलगी लॉरा डर्न, एकाच वर्षी!) रबर दिसतं का, तर दिसतं, पण ज्युरासिक पार्कच्या त्या किचनच्या सीनमध्येही काही शॉटला रॅप्टरच्या सूटमध्ये माणूसच आहे. पिसं दोघांनीही दाखवली नाहीत, त्यात चूक धरू नये, व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या बुडाच्या खुणा मिळाल्या त्या २००७ मध्ये.

दुसऱ्या दिवशी भाच्याने हट्टाने ज्युरासिक पार्क लावला. सुरुवातीला शास्त्रज्ञ वाळवंटी माळावर ब्रशने सांगाडा साफ करत असतात, सगळे त्याला व्हेलोसिरॅप्टर म्हणतात, आणि पडद्यावर जागेचं नाव येतं. ह्यावेळी पॉज त्याने केला. "मावशी, मोंटाना लिहिलंय. मग हा आपला सोफ्याखालचा आहे ना?"