शाळेकडून येणारा खुशालीचा निरोप

प्रगतिपुस्तकातली एक जागा कधी बदलली नाही. गुणांचा तक्ता संपला की खाली वर्गशिक्षकांची सही, मुख्याध्यापकांची सही आणि शेवटी पालकांची सही. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा शाळेशी लेखी संबंध तेवढाच होता. शाळेतून कागद यायचा, घरून सही किंवा अंगठा जायचा. आता त्याच घरांतल्या फोनवर दिवसाकाठी चार-पाच निरोप येतात. उद्या जंताची गोळी आहे, मुलांना खाऊ घालून पाठवा. आजच्या खिचडीत मटकी होती, हा फोटो. शनिवारी दप्तर नको. पालकसभा गुरुवारी दोन वाजता, आईने जरूर यावे.

हे निरोप कसे सुरू झाले ते शोधायला बसले तेव्हा जुन्या कायद्यांत आणि शासन निर्णयांत एक क्रम दिसत गेला. शाळेने घराला आधी हजेरीबद्दल विचारले, मग गुण कळवले, मग जेवणाचे, मग प्रकृतीचे. मूल वर्गात रमते का, कुणाला घाबरते का, हे सर्वांत शेवटी आले. घरच्या पत्रात आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘खुशाली कळवणे’ असे लिहीत आलो. शाळेच्या कागदावर मात्र खुशालीसाठी रकानाच नव्हता.

सुरुवात सक्तीपासून झाली. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली होती. ज्यांच्या नावाची शिक्षणसंस्था नाशिककरांना चांगली ठाऊक आहे त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात तशा अर्थाचे विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुढे १९२३ चा कायदा आणि त्यानंतर मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७. मूल शाळेत येत नसेल तर पालकांवर हजेरीचा हुकूम बजावायचा आणि तो पाळला नाही तर दंड करायचा, अशी तरतूद या कायद्यात होती. म्हणजे शाळेच्या नावाने घरी येऊ शकणारा पहिला अधिकृत निरोप हुकमाच्या भाषेत होता. ती सक्ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. मालेगावच्या मागावर किंवा निफाडच्या शेतात कामाला लागलेले मूल वर्गात आणायचे तर कायद्याचे बळ हवेच होते. पण पालक म्हणजे ज्याला बजावायचे तो माणूस, ही समजूत तिथून रुजली आणि ती निघायला फार वर्षे लागली.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. माझे वडील पुढे अशाच एका शाळेत, सुरगाणा तालुक्यात, शिक्षक झाले. त्यांच्या शाळेत पालकसभा नावाचा प्रकार कागदावरच होता. खरी सभा भरायची आठवडे बाजारात. मीठ-मिरची घ्यायला आलेल्या आईबापांना गुरुजी गाठायचे. पोरगा दोन दिवस आला नाही, ताप आहे का? पोरीला फळ्यावरचे दिसत नाही, तिला पुढे बसवलेय, पण डोळे दाखवून आणा. हे सगळे बोलायचे तर तिथल्या कोकणा आदिवासींची बोली यायला हवी, म्हणून वडील ती मुलांकडूनच शिकले. या बोलण्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी पट पाहिला, हजेरी पाहिली, बाजारातल्या या गप्पांबद्दल कधी विचारले नाही. खुशालीचा निरोप तेव्हाही जात होता, पण तो पूर्णपणे शिक्षकाच्या स्वभावावर अवलंबून होता. चांगला शिक्षक मिळाला तर मिळाला.

गुणांचा काळ सर्वांना माहीत आहे. १ मे, झेंडावंदन, मग निकाल, आणि तक्त्याखाली एका ओळीचा शेरा: ‘वाचनाकडे लक्ष द्यावे.’ १९९३ मध्ये यशपाल समितीने मुलांवरच्या ओझ्याबद्दल अहवाल दिला आणि ओझे म्हणजे नुसते दप्तराचे वजन नव्हे, न समजता शिकण्याचा ताणही, हे स्पष्ट केले. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि गुणांऐवजी श्रेणी व वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या. मुलाची आवड, छंद, सुधारणा आवश्यक असलेल्या गोष्टी शिक्षकाने आपल्या शब्दांत लिहायच्या होत्या. कल्पना फार चांगली होती. प्रत्यक्षात नोंदींचे तयार नमुने बाजारात आणि मोबाइलवर फिरू लागले. ‘गोष्ट सांगतो’, ‘मित्रांना मदत करतो’, ‘चित्रे छान रंगवतो’ ही वाक्ये इतक्या मुलांच्या पत्रकांवर उतरली, की आईला ती वाचून आपले मूल ओळखता येईना. यात मी शिक्षकांना दोष देत नाही. एका हाताखाली दोन-दोन वर्ग आणि वर माहितीचे तक्ते असताना प्रत्येक मुलाबद्दल खरे वाक्य लिहायला वेळ कुठून आणायचा?

आहाराची गोष्ट वेगळी, कारण तिने प्रथमच आईला शाळेच्या आत आणले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा मुलांना घरी न्यायला महिन्याला तीन किलो धान्य मिळायचे, आणि त्यालाही ८० टक्के हजेरीची अट होती. म्हणजे पुन्हा हजेरीच. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण द्यायचा आदेश दिला: किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातले किमान २०० दिवस. तिथून शाळेत चूल पेटली. स्वयंपाक करणारी ताई गावातलीच, मुलांना नावाने ओळखणारी. आज अमुक जेवला नाही, हे तिच्या सर्वांत आधी लक्षात येते आणि संध्याकाळच्या आत घरी पोचते. आहार वाटण्याआधी चव घेऊन ती चव नोंदवहीत लिहायची पद्धत आली, काही ठिकाणी त्यात आयांच्या पाळ्या लागल्या. शाळेत काय चालले आहे ते स्वतः चाखून सांगणारी आई, एवढा विश्वास त्याआधी शाळेने पालकावर कधी टाकला नव्हता.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आपल्याकडे या कायद्याची चर्चा २५ टक्के प्रवेशांभोवतीच फिरते, पण घर आणि शाळा यांच्या नात्यासाठी त्यातली तीन कलमे अधिक मोलाची आहेत. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. ‘छडी लागे छमछम’ म्हणणाऱ्या समाजात ‘मानसिक छळ’ हे शब्द प्राथमिक शाळेच्या संदर्भात कायद्यात आले, हेच मोठे पाऊल होते. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आणि कलम २४ ने शिक्षकाच्या कर्तव्यांत लिहिले, की त्याने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती व इतर संबंधित माहिती त्यांना सांगावी. १९४७ च्या कायद्याने पालकाला हुकूम बजावला होता. या कायद्याने शिक्षकाला पालकाशी बोलायला सांगितले. माझे वडील बाजारात जे आपणहून करायचे, ते आता कर्तव्य झाले.

प्रकृतीची बाजू २०१३ नंतर भक्कम झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येतात, दात, डोळे, कान, हृदय, वाढ असे सगळे तपासतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, असा शासन निर्णय निघाला.

मग मार्च २०२० आला. शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत वर्ग व्हॉट्सॲपवर गेले. नाशिक शहरात फोन होता पण खोली एकच. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर फोन असला तर रेंज नाही, म्हणून शिक्षक स्वाध्याय घेऊन ओट्यावर जाऊन बसले. पण या दोन वर्षांत एक गोष्ट उलटी झाली. निरोप घरून शाळेकडे जाऊ लागला. वहीचे फोटो जात होते, त्यासोबत ‘रात्री झोपत नाही’, ‘आजोबा गेल्यापासून बोलत नाही’ हेही जाऊ लागले. केंद्राने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ ही समुपदेशनाची सोय सुरू केली, तरी पहिलीतल्या मुलाच्या आईला आधी सुचला तो बाईंचाच नंबर.

शाळा उघडल्या तरी ते ग्रुप राहिले. त्यांचा उपयोग आहे, आणि त्यांनी दुखावतेही. माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या वर्गाच्या ग्रुपवर उशिरा येणाऱ्या मुलांची नावे टाकली गेली, तिचेही. पन्नास घरांनी ते वाचले. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत जायला नकार दिला. प्रगतिपुस्तक निदान बंद पाकिटासारखे होते, एका घराचे दुसऱ्याला दिसत नव्हते. ती मर्यादा फोनने काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी कुणी घातली नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मनाबद्दलचे निर्णय एकामागून एक आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले, कारण मुलांची झोप होत नव्हती. मार्चमध्ये दप्तराविना उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि राज्यभरातले पालक हादरले. त्यानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, विद्यार्थी सुरक्षा समिती यांचे आदेश निघाले. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समित्यांचा निर्णय तर २०२२ चाच होता, त्या आहेत का, हे शाळांत तेव्हा तपासले जाऊ लागले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सांगितले. आपल्या जिल्ह्यातल्या वस्त्या-पाड्यांवरच्या कितीतरी शाळांचा पट शंभरच्या खूप खाली आहे. तिथे हे काम बाईंना आणि गुरुजींनाच करायचे आहे.

दिवाळीनंतर पेठ आणि सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. काही मुले बरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिका अशा मुलांच्या आयांना लेखी मेसेज पाठवत नाहीत, कारण तो वाचायला दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते. त्या बोलून पाठवतात, कोकणा बोलीत, अर्ध्या मिनिटाचे. तो आज कविता म्हणाला, खोकला अजून आहे, आजीला त्याच्याकडून गुळण्या करून घ्यायला सांगितलेय. उत्तर रात्री नऊनंतर येते, बागेतून परतल्यावर, तेही बोलूनच. बाई ते सकाळी परिपाठाआधी मुलाच्या कानाला लावतात.