आयआरक्यू आणि जीएसआय: आकडा सारखा, अर्थ वेगळा

कीबोर्डचा आयआरक्यू (इंटरप्टचा, म्हणजे डिव्हाइस सीपीयूला देतो त्या हाकेचा, जुना क्रमांक) १, आणि आयओ-एपिकवरही (हाका सीपीयूकडे पोहोचवणाऱ्या नव्या चिपवरही) तो बहुधा १ क्रमांकाच्याच पिनला असतो. अशा जुळणीमुळे दोन्ही आकडे एकच समजून कर्नल लिहिला जातो, आणि टायमरपाशी अडतो.

आयआरक्यू म्हणजे ८२५९ या जुन्या इंटरप्ट चिपच्या जोडीवरचा ० ते १५ मधला क्रमांक. त्यातला २ दोन चिप जोडण्यातच खर्च होतो. जीएसआय हा एसीपीआयचा (फर्मवेअर ज्यातून कर्नलला हार्डवेअरची माहिती देते त्या मानकाचा) क्रमांक: मशीनमधल्या सगळ्या आयओ-एपिकच्या पिना एका ओळीत मोजलेल्या. प्रत्येक आयओ-एपिकचा पाया, म्हणजे त्याच्या पहिल्या पिनचा जीएसआय, एसीपीआयच्या एमएडीटी तक्त्यात मिळतो. जीएसआयमधून पाया वजा केला की पिन हाती येते.

दोहोंची सांगड त्याच तक्त्यातल्या प्रकार २ च्या, १० बाइटांच्या नोंदी घालतात. नेहमी दिसणारी नोंद म्हणजे आयआरक्यू ० साठी जीएसआय २. ती न वाचता पिन ० उघडली, तर कोड निर्दोष दिसतो आणि टायमरची टिक मात्र येत नाही.

पण खरी गोची नोंदीतल्या फ्लॅगमध्ये आहे. खालचे दोन बिट पोलॅरिटीचे (लाइनची कोणती पातळी म्हणजे हाक), पुढचे दोन ट्रिगरचे (पातळी बदलण्याचा क्षण, म्हणजे एज, मोजायचा की टिकून असलेली पातळी, म्हणजे लेव्हल). पोलॅरिटीत १ म्हणजे हाय, ३ म्हणजे लो. ट्रिगरमध्ये १ म्हणजे एज, ३ म्हणजे लेव्हल. ० म्हणजे बसचा रिवाज, आयसा या जुन्या बससाठी हाय आणि एज. आयआरक्यू ९ ची नोंद पुष्कळदा जीएसआय ९ च दाखवते, फ्लॅग मात्र १३ (बायनरीत ११०१): हाय, लेव्हल. ‘आकडा तोच आहे’ म्हणून ही नोंद वगळू नका. लेव्हलची सामायिक लाइन एज म्हणून लावली, की एका डिव्हाइसने ती धरून ठेवलेली असताना दुसऱ्याची हाक ऐकूच येत नाही. पोलॅरिटी उलटी पडली तर रिकामी लाइनच हाक वाटते आणि इंटरप्टचा पूर येतो; लिनक्स अशा वेळी १ लाखांपैकी ९९,९०० हून जास्त इंटरप्ट बेवारस (कोणत्याच ड्रायव्हरने न स्वीकारलेले) निघाले की लाइन बंद करतो.

आयसा आयआरक्यूची नोंदच नसेल, तर जीएसआय तोच, एज आणि हाय. पीसीआय या नंतरच्या बसला हा नियम लावू नका. पीसीआय डिव्हाइसच्या कॉन्फिग स्पेसमधला (सेटिंगच्या जागेतला) ऑफसेट ६० चा बाइट ८२५९ च्या काळचा क्रमांक सांगतो. एपिक मोडमध्ये एसीपीआयच्या पिक मेथडला १ देऊन (एपिक मोड निवडल्याचे सांगून) पीआरटी तक्ता, म्हणजे पीसीआयची लाइन कुठे जाते ते सांगणारा तक्ता, वाचावा. एमएसआय (लाइनऐवजी मेमरीत लिहून दिलेला इंटरप्ट) वापरता आला तर हा घोळच टळतो.

आयओ-एपिकमध्ये हे लिहिताना रजिस्टर १६ + २ × पिन: बिट १३ पोलॅरिटी, १५ ट्रिगर, १६ मास्क (पिन बंद ठेवणारा बिट). मास्क सर्वांत शेवटी काढा. ८२५९ आधी ३२ च्या पुढच्या व्हेक्टरवर (सीपीयूच्या इंटरप्ट तक्त्यातल्या क्रमांकावर) हलवून मगच मास्क करा. मास्क केल्यावरही त्याचा खोटा आयआरक्यू ७ येऊ शकतो, आणि जुन्या जागी तो व्हेक्टर १५ वर, म्हणजे सीपीयूच्या एक्सेप्शनसाठी राखलेल्या हद्दीत, आदळतो.