कवटीत काय दिसतं, वस्तीत काय दिसतं

१८७० च्या सुमारास चेझारे लोम्ब्रोझो हा इटालियन डॉक्टर एका मृत कैद्याची कवटी न्याहाळत होता. कैदी दक्षिणेकडच्या कॅलाब्रियाचा, विलेल्ला आडनावाचा. कवटीच्या मागच्या बाजूला आतून जिथे एरवी हाडाचा बारीक उंचवटा असतो, तिथे त्याला खळगा दिसला. असा खळगा खालच्या दर्जाच्या प्राण्यांत आढळतो, म्हणजे हा माणूस उत्क्रांतीच्या वाटेवर मागेच राहिला, असं लोम्ब्रोझोनं ठरवून टाकलं. १८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना युरोपभर पसरली. मग कोणाचा जबडा मोठा, कोणाचे कान बाहेर आलेले, कोणाचे हात लांब, हे मोजण्याचा सपाटाच सुरू झाला. चार्ल्स गोरिंग या इंग्रज डॉक्टरनं सुमारे तीन हजार कैद्यांची मापं सैनिक आणि विद्यार्थ्यांच्या मापांशी ताडून पाहिली. कैदी जरा बुटके आणि वजनाला हलके निघाले, पण लोम्ब्रोझो सांगायचा तसला वेगळा शारीरिक नमुना काही सापडला नाही. हे १९१३ साली.

आपल्याकडे मात्र लोम्ब्रोझोच्या पुस्तकाची वाट न पाहता १८७१ मध्येच इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला होता. इथे मोजमापाचीही गरज नव्हती, जात पुरेशी होती. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या माणसांची नावनोंदणी, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात अशांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती, तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तरी गावात चोरी झाली की संशयाची सुई आधी पारध्यांच्या पालाकडे वळते. गुन्हेगारीच्या अभ्यासात ‘शिक्क्याचा सिद्धांत’ म्हणून एक विचार आहे. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं तो १९६३ मध्ये ठळकपणे मांडला. एकदा माणसावर शिक्का बसला की काम मिळत नाही, शेजारी टाळतात, पोलीस पुन्हा पुन्हा उचलतात, आणि शेवटी तीच त्याची ओळख होऊन बसते. हे समजायला आपल्याला अमेरिकेची उदाहरणं लागू नयेत.

माणसाऐवजी जागेकडे बघायला शिकवलं ते शिकागोच्या क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी. बालन्यायालयातली अनेक वर्षांची प्रकरणं काढून त्यांनी प्रत्येक मुलाच्या घराचा ठिपका शहराच्या नकाशावर मांडला. शहराच्या मध्यभागाला लागून असलेल्या पडक्या, भाड्याच्या वस्त्यांत ठिपक्यांची दाटी, बाहेर जावं तसे ते विरळ. गंमत पुढे आहे. या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, पुढे पोलिश आणि इटालियन आले. माणसं पार बदलली, पण वस्तीचं गुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं. आणि तिथून निघून बऱ्या भागात गेलेल्यांच्या मुलांची प्रकरणं कमी झाली. वंशात दोष असता तर तो बिऱ्हाडाबरोबर गेला असता.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३८ मध्ये गुन्ह्याचं वेगळं कारण दिलं: श्रीमंत व्हा असं समाज सगळ्यांना सांगतो, सरळ मार्ग मात्र थोड्यांनाच देतो. पटण्यासारखं आहे, पण मग कोट्यधीश घोटाळे का करतात? एडविन सदरलँडनं पुढच्याच वर्षी हा ‘पांढरपेशा गुन्हा’ चर्चेत आणला. त्याच्या मते गुन्हा संगतीत शिकला जातो, मग ती संगत गल्लीतली असो की संचालक मंडळातली. सत्तर बड्या कंपन्यांवर त्यानं पुस्तक लिहिलं, तेव्हा प्रकाशकानं कंपन्यांची नावं गाळायला लावली!

गुन्हेगारी जन्मजात नसते याचा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हार्वर्डच्या तळघरात पडून होता. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्यानं बोस्टन भागातली ५०० बालगुन्हेगार मुलं आणि वय, वंश, बुद्ध्यांक, वस्ती यांत त्यांच्याशी जुळणारी ५०० इतर मुलं निवडून त्यांचा वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत माग काढला होता. १९८० च्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या संशोधकांना त्या कागदांची साठेक खोकी सापडली. पुढे त्यांनी त्या बालगुन्हेगारांची सत्तरीपर्यंतची नोंद जमवली, काहींना गाठून मुलाखती घेतल्या. जवळजवळ सगळेच कधी ना कधी गुन्ह्यापासून दूर झाले होते, कोणी लवकर, कोणी उशिरा. टिकलेलं लग्न, कायमची नोकरी, सैन्यातली भरती, जुन्या टोळक्यापासून तुटणं, ही त्यामागची कारणं दिसली. आणि कोण सुधारेल, कोण नाही, हे लहानपणीच्या नोंदींवरून नीटसं सांगता येत नव्हतं.