नेम धरणं आणि नेम पाळणं

मराठीत ‘नेम’ हा शब्द दोन कामं करतो. बोरीवर दगड भिरकावताना आपण नेम धरतो आणि चातुर्मासात वांगं न खाण्याचा नेम पाळतो. पहिल्यात नजर समोरच्या फांदीवर असते, दुसऱ्यात आजच्या ताटावर. शब्द एकच असल्यामुळे असेल, पण वर्षाच्या सुरुवातीला वही उघडली की दोन्ही नेम एकाच यादीत जाऊन बसतात: वजन १० किलो कमी करणं, पहाटे उठणं, ५ ग्रॅम सोनं घेणं, रोज अभ्यास करणं. यातल्या दोन गोष्टी धरायच्या आहेत, दोन पाळायच्या. चारही एकाच काट्यावर तोलल्या जातात आणि महाशिवरात्रीच्या आत यादी कपाटात जाते.

फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘आज झालं का?’ याला सरळ हो किंवा नाही म्हणता येतं का? येत असेल तर तो पाळायचा नेम. ‘वजन १० किलो कमी’ याला आज रात्री काहीच उत्तर नाही, म्हणून तो धरायचा. धरायच्या नेमाला आकडा आणि तारीख लागते, तो एकदा गाठला की संपतो आणि त्यातला बराच भाग दुसऱ्यांच्या किंवा निसर्गाच्या हातात असतो. पाळायच्या नेमाला वेळ, जागा आणि माप लागतं आणि तो जवळजवळ पूर्ण आपल्या हातात असतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे वेगळं सांगायला नको. एकरी किती टन माल निघावा हे तो लागवडीलाच मनात धरतो. पण बुंध्याशी फुटणारी पिलं वेळेवर कापणं, ठिबकच्या नळ्या साफ ठेवणं आणि खताचा हप्ता न चुकवणं एवढंच त्याच्या हातात. जूनच्या वादळात बाग आडवी झाली किंवा कटाईच्या आठवड्यात भाव पडला, तर त्याचा धरलेला नेम हुकला, पाळलेला नाही. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडणारा माणूस पुढच्या वर्षी पिलं कापायचाही कंटाळा करतो.

धरायचा नेम रोज पाळायला गेलं की

पोलीस भरतीचं उदाहरण घेऊ, कारण खानदेशातल्या निम्म्या मैदानांवर पहाटे तेच चाललेलं असतं. शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांसाठी त्यात १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. समजा एखाद्याला आज १६०० मीटरला ७ मिनिटं १२ सेकंद लागतात आणि १६ आठवड्यांत ६ मिनिटांवर यायचंय. ४०० मीटरच्या मैदानावर या चार फेऱ्या. म्हणजे आज एका फेरीला १०८ सेकंद लागतात, ते ९० वर आणायचेत. हा धरलेला नेम झाला, आणि चांगला झाला.

चूक इथून पुढे होते. वहीत लिहिलं जातं, ‘रोज १६०० मीटर, ६ मिनिटांत’. म्हणजे रोज पूर्ण ताकदीने परीक्षा आणि रोज नापास. दोन-तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते, मग आठ दिवस सुट्टी, मग पुन्हा पहिल्यापासून. पाळायचा नेम वेगळा दिसतो. सोमवार आणि शुक्रवारी १० मिनिटं हळू पळून अंग गरम करायचं. मग २०० मीटर ४५ सेकंदांत, पुढचे २०० मीटर चालत. असे आधी ६ फेरे, तीन-चार आठवड्यांनी ८. ४५ सेकंद का, तर ६ मिनिटांत १६०० मीटर जाणाऱ्याला प्रत्येक २०० मीटरला बरोबर तेवढाच वेळ मिळतो. शरीराला तो वेग आधी तुकड्यांत ओळखीचा करून द्यायचा. ८ फेरे नीट झाले की चालायचं अंतर २०० वरून १०० वर आणायचं. बुधवार आणि शनिवारी ३० मिनिटं हळू, बोलता येईल इतक्या वेगाने. उरलेल्या तीन दिवसांत गोळाफेक आणि एक पूर्ण विश्रांती. सगळे १६०० मीटर घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच.

पंधरा दिवसांतून एकदाच का? रोजच्या वेळेत झोप, जेवण, वारा आणि ऊन यांची भेसळ असते. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ ला टेकतो. साडेपाचला मैदानावर उतरलेला आणि साडेसातला उतरलेला एकच मुलगा दोन वेगळ्या वेळा काढेल. उन्हात अंग थंड ठेवायलाच हृदयाची बरीच मेहनत जाते, पायांना कमी उरते. हे माहीत नसलं की माणूस समजतो आपण मागे चाललोय, आणि सराव वाढवतो, म्हणजे नेमकं उलटं करतो. शिवाय सुधारणा सरळ रेषेत येत नाही. पहिल्या महिन्यात २५-३० सेकंद झरझर कमी होऊ शकतात, शेवटचे १० सेकंद मात्र महिनाभर हलत नाहीत. १६ आठवड्यांना सारखे भाग पाडून ‘दर आठवड्याला साडेचार सेकंद’ असा तक्ता भिंतीवर लावला तर तो आधी फुशारकी देतो, मग रडवतो.

वजनाचंही तेच. पाणी, मीठ आणि रात्रीचं जेवण यांमुळे एका दिवसात किलोभर इकडेतिकडे सहज होतं. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर मोजलं की पुरे.

सोन्याबद्दल एवढंच की वहीत तोळा न लिहिता ग्रॅम लिहा. सराफ बाजारात हल्ली तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, आजीच्या हिशेबातला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. भाव आपल्या हातात नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम बाजूला काढणं आहे.

पाळायच्या नेमालाच लक्ष्य समजलं की

ही चूक जास्त फसवी, कारण ती कष्टासारखी दिसते. अभ्यासिकेत सकाळी आठला जागा धरायची, रात्री आठला उठायचं, आणि वहीत ‘१२ तास’ लिहायचं. कुणी विचारलं, ‘काय भो, कसा चाललाय अभ्यास?’ तर उत्तर तासांत येतं. बारा तासांत किती आत गेलं याचा पत्ता नसतो. नेम पाळला जातो, पण तो कुठल्या फांदीवर धरला होता हे विसरलेलं असतं.

दुरुस्ती मापात आहे. भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ९० मिनिटांची. गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी. म्हणजे एका गुणाच्या प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. मग ‘सहा तास बसणं’ हा नेमच चुकीच्या मापाचा. त्याऐवजी: जुन्या प्रश्नपत्रिकेतले २५ प्रश्न, साडेबावीस मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. लगेच तपासायचे आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर टाकायचं. ‘न’ म्हणजे येतच नव्हता, ‘घ’ म्हणजे घाईत चुकला, ‘व’ म्हणजे प्रश्नच नीट वाचला नाही. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. ‘न’ ला तो धडा पुन्हा वाचावा लागतो. ‘घ’ ला रीत तोंडपाठ लागते, म्हणजे पाढे, वर्ग, अपूर्णांकाची टक्केवारी. ‘व’ साठी फक्त ‘कोणते विधान चूक आहे’ मधल्या ‘चूक’ शब्दाखाली रेघ मारायची सवय. आणखी चार तास बसून ‘व’ कमी होत नाही, थकव्याने वाढतोच. तीन आठवडे अक्षरांची संख्या हललीच नाही तर नेम कितीही निष्ठेने पाळलेला असो, तो बदलायचा.

दोघांना जोडणारी ओळ

पाळायचा नेम लिहिताना तीन गोष्टी हव्यात: कशानंतर, कुठे, किती. ‘रोज वाचीन’ असं नाही, तर ‘संध्याकाळी दुकानावरून आल्यावर चहा झाला की ओट्यावर बसून २५ प्रश्न’. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘असं झालं की मी हे करीन’ या घाटाच्या ठरावांवर बरंच काम केलं. नुसत्या इच्छेपेक्षा असा ठराव जास्त तडीस जातो असं त्यातून दिसलं. कारण साधं आहे. करू की नको हा वाद दमलेल्या संध्याकाळी घालायचा राहत नाही, चहाचा कपच आठवण करून देतो.

२१ दिवसांत सवय लागते या बोलण्यावर फार विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय पाळायला लावली. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाचे १८ दिवस, कुणाचे २५४. यातला २५४ अर्थात गणिताने पुढे ताणून काढलेला, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. आषाढी ते कार्तिकी असा चार महिन्यांचा नेम घेणाऱ्या आज्यांचं माप या ६६ च्या बरंच पुढे जातं. गोष्ट एकच, लहान, आणि संपायची तिथी आधीच ठरलेली. रचना म्हणून पाहिली तर बहुतेक ॲपपेक्षा ती बरी आहे.

किमान मापही आधीच ठरवायचं. कापूस वेचणीला अख्खं घर शेतात असतं, घरात लग्न असतं, कानबाईच्या सणाचे रोट असतात, वीज जाते. अशा अडल्या दिवसाचं माप वहीत नेमाच्या खालीच लिहून ठेवा: २५ ऐवजी ५ प्रश्न, ३० मिनिटांऐवजी १०. ते ऐन वेळी ठरवायला गेलं की शून्यच ठरतं. लागोपाठ तीन दिवस अडल्या दिवसाचं माप निघालं, तर मूळ माप मोठं झालंय असं समजून ते खाली आणा.

तारखेचा अंदाज मात्र सढळ हाताने धरा. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. अंदाज सरासरी ३४ दिवसांचा आला, लागले ५५. म्हणजे सव्वापट नाही, दीडपटीहूनही जास्त. आता हेच बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या उन्हात वाळवलेल्या पापडांना, लावून पाहा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी ३० किलो ज्वारीचे बिबडे करून द्यायची ऑर्डर आहे आणि रोज ३ किलोचा घाटा (शिजवलेलं दाट पीठ) शिजवून थापून होतो. सरळ हिशेबाने १० दिवस. पण ज्वारी भिजवून आंबवायचे दिवस वेगळे, एखाद्या दिवशी आभाळ येतं आणि कपड्यावरचे बिबडे ओलेच राहतात, एखाद्या दिवशी थापणारी जाऊ आजारी. १० ला १.६ ने गुणलं की १६ दिवस होतात, तेवढे आखाजीपासून मागे मोजून कामाला लागायचं. इथे धरायचा नेम ‘आखाजीच्या दोन दिवस आधी ३० किलो बांधून तयार’, आणि पाळायचा ‘सकाळी आठच्या आत ३ किलोचा घाटा चुलीवरून खाली’. उन्हं चढल्यावर थापायला बसलं तर बिबड्यांना दिवसभराचं ऊन मिळत नाही आणि ते ओलेच राहतात. म्हणून वेळ नेमाचा भाग आहे, केवळ शिस्त नाही.

वहीची मांडणी साधी ठेवावी. डाव्या पानावर धरलेला नेम, फक्त एक, आकडा आणि तारखेसह. उजव्या पानावर पाळायचे, दोनपेक्षा जास्त नाहीत, आणि खाली दिवसांचे चौकोन. उजवं पान रोज रात्री, डावं पान गावच्या बाजाराच्या दिवशी. तो वार कुणाला आठवून द्यावा लागत नाही, आणि हिशेब करायची सवय त्या दिवशी हाताला असतेच. त्या वारी दोनच गोष्टी पाहायच्या: चौकोन किती भरले, आणि डावीकडचा आकडा हलला का. चौकोन भरले पण आकडा महिनाभर हलला नाही, तर नेम बदलायचा. आकडा हलला पण चौकोन रिकामे, तर नशिबाने हात दिलाय, त्यावर पुढचे महिने बांधू नयेत. दोन्ही रिकामे असतील तर माप निम्मं करायचं, तारीख तशीच ठेवायची.

आणि उद्यापन. तारीख आली की धरलेला नेम लागला असो वा हुकला, पाळायच्या नेमाचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवावं: चालू ठेवायचा, माप कमी करून ठेवायचा की सोडायचा. न ठरवता सोडलेला नेम मनात उगाच बाकी म्हणून राहतो. वांग्याचा नेम कसा, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या ताटावर चारचौघांत सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कुणी बोलतही नाही.