पुढच्या काचेला विंडशील्ड म्हणायचं का विंडस्क्रीन?

परवा पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडं पुढच्या टिपरमधनं खडी उडाली आणि गाडीच्या पुढच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर पडली. सोलापुरात आलो तर मिस्त्री म्हणाला फ्रंट ग्लास गेली, इन्शुरन्सच्या कागदावर विंडशील्ड, आणि एसटीतनं रिटायर झालेले आमचे काका म्हणतात विंडस्क्रीन. तिघंही बरोबर आहेत.

विंडस्क्रीन हा इंग्लंडचा शब्द, विंडशील्ड अमेरिकेचा. आपल्याकडं मोटार आली तेव्हा राज्य इंग्रजांचं, त्यामुळं बॉनेट, डिकी हे त्यांचेच शब्द आपल्या तोंडी बसले. स्टेपनी तर वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरनं आलेला, तिथं १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवून विकायचे, हे मला फार आवडतं. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही विंडस्क्रीनच आहे. विंडशील्ड आता जास्त ऐकू येतो तो इन्शुरन्स आणि इंटरनेटमुळं, असं मला वाटतं.

पण गंमत बघा, दोन्ही शब्दांत काच कुठंच नाही, वारा आहे. एक वाऱ्याचा आडोसा, दुसरी वाऱ्याची ढाल. कारण सुरुवातीच्या मोटारी उघड्या असायच्या, चालवणारा डोळ्याला गॉगल लावून वारा, धूळ, किडे सगळं अंगावर घेत बसायचा, काच नंतर आली आणि तीही वेगळे पैसे देऊन बसवून घ्यायची, बऱ्याचदा दोन भागांची, वरचा भाग घाण झाला की दुमडून पुढं बघायचं.

ती काच साधी होती, म्हणजे फुटली की तिचे सुरे व्हायचे आणि धडकेत माणसांचे चेहरे फाटायचे. १९०३ मध्ये एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच केमिस्टच्या हातनं काचेचं भांडं पडलं, तडकलं पण विखुरलं नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून चिकटला होता. त्यावरनं त्यानं दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून लॅमिनेटेड काच केली, १९०९ ला पेटंट घेतलं. ती पहिल्या महायुद्धात गॅस मास्कच्या डोळ्यांना वापरली गेली आणि १९२० च्या दशकात फोर्डसारख्यांनी गाड्यांना बसवली. आज मधे पीव्हीबी नावाचं प्लास्टिक असतं आणि आपल्याकडं पुढची काच लॅमिनेटेडच पाहिजे असा नियम आहे. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, त्या फुटल्या की साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो. खडी लागूनही माझ्या तोंडावर एक तुकडा आला नाही तो त्या मधल्या थरामुळं.

फक्त चीर पडली तर मिस्त्रीला दाखवायला उशीर करू नका. आपल्या सोलापूरच्या उन्हात काच तापते, आतनं एसीचा गार झोत लागतो आणि चीर पळते, माझी दोन दिवसांत वीतभर वाढली. शेवटी अख्खी काच बदलली. बिलावर लिहिलंय, फ्रंट विंडशील्ड ग्लास.