भोई, आंबी आणि मीनुगार : सीमाभागातील मच्छिमारांच्या नावांची पार्श्वभूमी

बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील मराठी माणूस वर्तमानपत्रात ‘मच्छिमार’ हा शब्द रोज वाचतो. कृष्णा, घटप्रभा किंवा वेदगंगेच्या पात्रात जाळे टाकणाऱ्याला मात्र गावात भोई नाहीतर आंबीच म्हणतात. संस्कृत ‘मत्स्य’चा प्राकृतात ‘मच्छ’ आणि मराठीत ‘मासा’ झाला. ‘मच्छी’तला ‘च्छ’ गुजराती-हिंदीच्या वळणाचा आहे. पुढचा ‘मार’ म्हणजे उघडच मारणारा, आणि ही कल्पना फार जुनी आहे. ‘पक्षिमत्स्यमृगान् हन्ति’ या सूत्रात पाणिनीने पक्षी, मासे व मृग मारणाऱ्यांची नावे एकाच प्रत्ययाने साधली असून ‘मात्स्यिक’ हा शब्द त्यातूनच सिद्ध होतो. अमरकोशात कैवर्त, दाश आणि धीवर असे पर्याय आहेत.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि सरकारी कागदावरची भाषा कन्नड होत गेली, तसा तिथे ‘मीनुगार’ आला. ‘मीन’ हा मूळचा द्राविड शब्द संस्कृतने उचलला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा राशिभविष्यातली मीन रास वाचणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटू नये. त्यातला ‘गार’ हे ‘कार’चे रूप असल्याने इथे मारण्याचा उल्लेखच नाही.

किनाऱ्यावरचा ‘कोळी’ घाटमाथ्यावर तितकासा चालत नाही. महादेव कोळी हे सह्याद्रीच्या डोंगरातले, त्यांच्या नावाचा मासळीशी संबंध जोडता येत नाही. शिवाय बेळगावच्या बाजारात कन्नड विक्रेत्याकडे ‘कोळी’ मागितली, तर कोंबडी मिळेल.

नदीकाठच्या नावांत मासा कुठेच नाही, हे मला सर्वांत लक्षणीय वाटते. भोई पालखी वाहत आणि मासेही धरीत. कन्नड ‘बोयी’ हा त्याच शब्दाचा सोयरा. ‘अंबि’ म्हणजे कन्नडमध्ये होडी, म्हणून अंबिग हा नावाडी, आणि आपल्याकडचे आंबी हे आडनाव त्याच कुळातले. उतारू पलीकडे पोहोचवणे हे त्याचे मुख्य काम, मासेमारी जोडीची. बाराव्या शतकातील वचनकार (‘वचन’ नावाच्या छोट्या कन्नड भक्तिरचना करणारे) अंबिगर चौडय्या यांनी तर आपल्या वचनांची नाममुद्रा म्हणून एखाद्या देवाचे नाव न घेता व्यवसायासह स्वतःचेच नाव घातले.