कळवळणं वेगळं, करुणा वेगळी

"खरा डॉक्टर तोच, ज्याला पेशंटची कळ स्वतःच्या अंगात जाणवते." डॉक्टर्स डेच्या आसपास असले फॉरवर्ड हमखास येतात आणि शास्त्रीय शिक्का म्हणून खाली मिरर न्यूरॉन्सचा हवाला असतो. वाचायला बरं वाटतं, पण अशा डॉक्टरकडून मी तरी टाके घालून घेणार नाही. ज्याचा स्वतःचाच जीव कासावीस झालाय, त्याचा हात स्थिर कसा राहायचा?

दुसऱ्याची वेदना आपल्यात उमटते ती समानुभूती, म्हणजे एम्पथी. त्याचं दुःख हलकं व्हावं अशी आपल्याला ओढ लागते ती करुणा. करुणा म्हणजे जरा जास्तीची समानुभूती, असं आपण धरून चालतो. मेंदूचे स्कॅन काही वेगळंच सांगतात.

मिरर न्यूरॉन्सचं आधी उरकून टाकू. इटलीत पार्मा इथे जाकोमो रिझोलाटी यांच्या गटाला ते 1990 च्या दशकात माकडांच्या मेंदूत सापडले. माकड स्वतः वस्तू उचलतं तेव्हाही आणि दुसऱ्याला उचलताना पाहतं तेव्हाही या पेशी सक्रिय होतात. मामला हालचालींचा आहे. तिथून थेट दया-मायेवर उडी मारणं हा उत्साह झाला, पुरावा नव्हे.

वेदनेचा धागा हाती लागला तो 2004 मध्ये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर यांनी 16 जोडपी बोलावली. बाई एमआरआय यंत्रात आडवी, जोडीदार शेजारीच बसलेला, दोघांच्याही हाताला इलेक्ट्रोड लावलेले. झटका आता तुला की त्याला, एवढं सांगणारी खूण बाईला दिसायची.

इथे वेदनेबद्दल थोडं समजून घ्यावं लागेल, कारण वेदना ही एकसंध चीज नाही. कुठे दुखतंय, किती दुखतंय, बोचतंय की भाजतंय, याची नोंद मेंदूच्या सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्स या भागात होते. "नको हे, थांबवा" हा जो जाच असतो, त्याचं खातं वेगळं. त्यात मुख्य भाग दोन: अँटेरिअर इन्सुला आणि अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स. कशालाच न जुमानणाऱ्या जुनाट वेदनेवर उपाय म्हणून सिंग्युलेटमधला छोटासा भाग निकामी करण्याची शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर काही रुग्ण सांगतात की दुखतंय तर खरं, पण त्याचं आता काही वाटत नाही.

झटका स्वतःला बसला तेव्हा त्या बायकांच्या मेंदूत ही दोन्ही खाती जागी झाली. जोडीदाराला बसणार म्हटल्यावर फक्त दुसरं. म्हणजे त्याच्या हातातली कळ तिच्या हातात आलीच नाही. आला तो निव्वळ जाच.

आता इन्सुला. हा माझा लाडका भाग, तेव्हा थोडं सहन करा. कानशिलाच्या आत, मेंदूच्या खोल घडीत तो दडलेला असतो. शरीराच्या आतल्या खबरी त्याच्याकडे येतात: धडधड, पोटातली कळ, गारठा, तुंबलेली लघवी. बारीक चेतातंतूंवरून या खबरी आधी मज्जारज्जूच्या पाठीमागच्या बाजूच्या सर्वांत वरच्या थरात, ज्याला लॅमिना वन म्हणतात तिथे, उतरतात. तिथून थॅलॅमस, म्हणजे मेंदूतलं खबरी पुढे धाडणारं जंक्शन, मग इन्सुलाचा मागचा भाग. तिथली कोरडी नोंद पुढे सरकत सरकत अँटेरिअर इन्सुलात पोचते, आणि बड क्रेग या शास्त्रज्ञाच्या मांडणीप्रमाणे इथेच तिचं "मला कसंतरी होतंय" या जाणिवेत रूपांतर होतं. थोडक्यात, ही तुमच्याच देहाची रोजनिशी आहे. दुसऱ्याचं दुःख पाहून तिच्यात जी ओळ उमटते, ती तुमच्या खात्यावर पडते.

याला एक गमतीदार पुरावाही आहे. 2015 मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी लोकांना वेदनाशामक म्हणून खोटी गोळी दिली. त्यांची स्वतःची वेदना कमी झालीच, शिवाय दुसऱ्याच्या वेदनेबद्दलचं वाटणंही बोथट झालं. मेंदूतल्या अफूसदृश रसायनांना अडवणारं औषध दिल्यावर गोळीचा हा प्रभाव ओसरला.

इन्सुला उजळला की समानुभूती सिद्ध झाली, असं मात्र समजू नका. तो असंख्य प्रयोगांत उजळतो. 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखाने त्याच्याच जोरावर लोकांचं आयफोनवर खरंखुरं प्रेम असतं असं ठोकून दिलं होतं, आणि मेंदूशास्त्रज्ञांनी ते ताबडतोब खोडून काढलं.

तर जाच आपला म्हटल्यावर तो थांबवायचे मार्ग दोन. समोरच्याचं दुःख दूर करा, नाहीतर तिथून काढता पाय घ्या. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेत कॅन्ससमध्ये नेमकं हेच तपासलं (1981). इलेन नावाच्या मुलीला झटके बसताना पाहायचं आणि हवं तर तिची जागा घ्यायची. काहींना दहापैकी दोनच फेऱ्या पाहून निघून जायची मुभा होती. जे स्वतःच अस्वस्थ झाले होते, त्यातल्या बहुतेकांनी मुभा मिळताच काढता पाय घेतला. ज्यांना इलेनची काळजी वाटत होती, ते दार उघडं असूनही तिच्या जागी बसायला तयार झाले.

सिंगर यांनी 2007 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला मॅतिए रिकार यांना स्कॅनरमध्ये घातलं. मूळचे रेणवीय जीवशास्त्रज्ञ, पुढे बौद्ध भिक्खू. ते करुणेचं ध्यान करत असताना सिंगर यांना अपेक्षित असलेलं वेदनेचं जाळं, म्हणजे जाचाचं ते दुसरं खातं, दिसेचना. मग त्यांना सांगितलं, करुणा बाजूला ठेवा, फक्त दुःखाशी एकरूप व्हा. रोमानियातल्या अनाथ मुलांवरचा माहितीपट त्यांनी नुकताच पाहिला होता. ती मुलं त्यांनी डोळ्यांसमोर आणली. आता जाळं जागं झालं, पण तासाभरात गडी पार गळून गेला. करुणेकडे परतल्यावरच त्यांना हुशारी आली.

एका भिक्खूवरून नियम ठरत नाही. म्हणून ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी सर्वसामान्य बायकांना आधी समानुभूतीचं आणि नंतर करुणेचं प्रशिक्षण दिलं. दुःखाच्या चित्रफिती पाहताना पहिल्यानंतर त्रास वाढला आणि इन्सुलाची हालचालही वाढली. दुसऱ्यानंतर वाढलेला त्रास उतरला, आपुलकीची भावना वाढली आणि व्हेंट्रल स्ट्रायटमसारखे, जिव्हाळा आणि समाधानाशी जोडलेले वेगळेच भाग पुढे आले. प्रशिक्षण काही दिवसांचंच होतं आणि सगळ्या बायकाच होत्या, ही मर्यादा आहेच.

इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेल्यांना शिबिराच्या शेवटी शिकवलेली मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचा सराव, आठवेल. करुणेचं प्रशिक्षण त्याच जातीचं होतं. पण तिच्या 'लहरी' दूरच्या आजारी माणसापर्यंत पोचतात, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. बदल होतो तो मैत्री पाठवणाऱ्याच्या डोक्यात. पुढे सिंगर यांच्याच गटाने जर्मनीत केलेल्या नऊ महिन्यांच्या मोठ्या प्रयोगात परोपकारी वागणूक वाढली ती अशा आपुलकीच्या सरावाने. नुसतं श्वासावर लक्ष ठेवून ती वाढली नाही.